हेदवळकरांचं हेदवळ

मालवणातल्या आमच्या जमीन मोजणीच्या कार्यालयात बदलून आलेला माणूस पहिल्या दिवशी दोन गोष्टी विचारायचा. खोली कुठे मिळेल आणि मासे बरे कुठे मिळतात. हेदवळकरांनी पहिल्या दिवशी मला विचारलं, "गावांची आणि वाड्यांची सगळ्यात जुनी यादी कुठली आहे तुमच्याकडे?"

मी तिथे दप्तरखाना सांभाळायचो. फडक्यात बांधलेलं एक बाड काढून मी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उभ्यानेच वाचायला घेतलं. जेवणाची सुट्टी झाली, बाकीचे डबे उघडून बसले, तरी हे उभेच. शेवटी त्यांनी बाड होतं तसं बांधलं, गाठसुद्धा माझ्यासारखीच मारली आणि म्हणाले, "नाही."

"काय नाही?"

"माझं गाव." मग त्यांनी हात पुढे केला. "मी हेदवळकर. हेदवळ अजून सापडायचं आहे."

हे ते विनोदाने म्हणत नसत. तपासणीला आलेल्या जिल्ह्याच्या साहेबांनाही त्यांनी स्वतःची ओळख अशीच करून दिली होती. सेवापुस्तकात 'मूळ गाव' या रकान्यात त्यांच्या अक्षरात 'हेदवळ, शोध चालू' असं लिहिलेलं होतं. बडे बाबूंनी ते पान तीनदा दुरुस्तीला परत पाठवलं. तिन्ही वेळा ते तसंच परत आलं, फक्त अक्षर आणखी ठळक होऊन.

त्यांचं पहिलं नाव मी लिहीत नाही. त्या नावाने त्यांना कुणी हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. आज मी शहात्तर वर्षांचा आहे. त्यांच्याबद्दल मला जे ठाऊक होतं ते मी एका वडिलांखेरीज पंचवीस वर्षं कुणाला सांगितलं नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर मुळीच नाही. ते इथे लिहायचं आहे. पण आधी माणूस कसा होता ते सांगतो, कारण असा माणूस आमच्या कार्यालयात होऊन गेला याचा मला अभिमान आहे.

हेदवळकर ज्यू होते, बेने इस्राएल. आमच्या बाजूला ही माणसं कुणी पाहिलेली नव्हती. आमच्या शिपायाने मला हळूच विचारलं, "हे हिंदू काय मुसलमान?" मी म्हटलं, त्यांनाच विचार. त्याने खरंच विचारलं. हेदवळकरांनी त्याला समोर खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात जोडपी वाचली. ग्रंथ बुडाले, भाषा विसरली, एक प्रार्थना तेवढी तोंडात राहिली आणि शनिवार राहिला. पोटासाठी त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, बैल मोकळे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायला लागले. मग वस्ती वाढली, माणसं गावोगाव पांगली आणि ज्या गावात राहिली त्या गावचीच झाली. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर, दिव्याचे ते दिवेकर.

"म्हणजे तुमी आमच्यातलेच," शिपाई म्हणाला.

"तुझ्याआधीचेही असू," हेदवळकर म्हणाले. "सापडलं की सांगतो."

शनिवारी ते मोजणीच्या साखळीला हात लावत नसत. तेव्हा दुसरा आणि चौथा सोडून बाकीच्या शनिवारी कार्यालय असायचं. हेदवळकर रजा टाकत आणि त्याची भरपाई म्हणून रविवारी एकटेच येऊन नकाशे पुरे करत. शनिवारी एसटीतही बसायचे नाहीत. एकदा मोजणी आटोपून शुक्रवारी दुपारी तळेऱ्याच्या तिठ्यावर गाडी बंद पडली. त्यांचा शनिवार शुक्रवारी दिवस मावळताच लागे, म्हणून संध्याकाळ झाली तशी त्यांनी पिशवी चालकाच्या हवाली केली आणि तिथेच एका चहावाल्याच्या ओट्यावर मुक्काम केला तो शनिवारचा दिवस मावळेपर्यंत. चहावाल्याला त्यांनी त्याच्या आडनावाचा सगळा इतिहास सांगितला म्हणे. पुढे कित्येक वर्षं तो चहावाला आमच्या कार्यालयातल्या कुणाकडूनही चहाचे पैसे घेत नसे.

मासळीबाजारात मात्र त्यांची रोज परीक्षा होती. त्यांना खवल्यांचा मासा चाले. कुर्ल्या, कोळंबी, तिसऱ्या, मोरी यांतलं काही नाही. मालवणात राहून हे पाळणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. हे टोपलीपुढे उकिडवे बसत आणि बोटाने मासा उलटा घासून खवले बघत. बाजारातली एक म्हातारी त्यांची नेहमीची. तिचं बोलणं मी स्वतः ऐकलंय.

"कुर्ल्यो नको, तिसऱ्यो नको, सुंगटां नको. मगे मालवणात कित्याक इलात?"

"गाव शोधायला."

"गाव काय माझ्या टोपलेत गावतला?"

"तुमची टोपली जिथून येते तिथे गावेल," हेदवळकर म्हणाले. "खाडीकाठचं आहे. हेदवळ. ऐकलंय कधी?"

"नाय बाबा. पण सुरमयेक खवले आसत. घेवा आणि जावा."

त्यांच्या भाड्याच्या घराच्या चौकटीवर त्यांनी एक बोटभर लांबीची पितळी डबी ठोकली होती, आत त्यांच्या ग्रंथातल्या ओळींची गुंडाळी. येता-जाता ते डबीला बोट लावून ते बोट ओठांना लावत. घरमालकिणीला ते कुणाची दृष्ट लागू नये म्हणून असावं असं वाटलं, आणि तिने गुपचूप आपल्या चौकटीलाही तशीच एक डबी करून घेतली. हे कळल्यावर हेदवळकर खूप हसले, पण तिला काही बोलले नाहीत.

कामात त्यांच्याइतका चोख माणूस मी पाहिला नाही. मोजणीची साखळी ते मोजणीच्या आदल्या दिवशी खोबरेलाने पुसत, दुवे एकेक करून बघत. रेडीकडे एका मोठ्या असामीने हद्दीचा दगड शेजाऱ्याच्या काजूत सरकवला होता. मोजणी त्याच्या विरुद्ध निघाली तेव्हा तो म्हणाला, "मी कोण आहे ठाऊक आहे का?" हेदवळकरांना हा प्रश्न फार आवडे. त्यांनी त्याचं आडनाव विचारलं आणि त्याचे पूर्वज कुठल्या गावाहून आले असावेत, तिथून कशामुळे निघाले असावेत, हे त्याच्याच माणसांसमोर सांगितलं. मग साखळी गुंडाळत म्हणाले, "तुम्ही कोण ते मला ठाऊक आहे. साखळीला ठाऊक नाही. साखळीला आडनाव नसतं." दगड मूळ जागी गेला. त्या मोजणीची फाईल दप्तरखान्यात लावताना मी तिला दोन गाठी मारल्या होत्या, सुटू नये म्हणून.

आता आत्याची गोष्ट.

एकदा आम्ही दोघे देवबागला मोजणीला गेलो होतो. परतताना भरतीची वाट बघत होडीत बसून होतो. समोर खाडी, पलीकडे माड. मी सहज विचारलं, "हेदवळकर, नाही सापडलं गाव तर काय बिघडतं? आमच्या कितीतरी लोकांना आपलं मूळ गाव ठाऊक नसतं."

ते म्हणाले, "माझ्या आत्याचं लग्न ठरलं होतं. मुलाचे मामा बोलणी करायला आले. त्यांनी आजोबांना विचारलं, पेणकरांचं पेण आहे, रोहेकरांचं रोहे आहे, तुमचं हेदवळ कुठे आहे? आजोबा म्हणाले, दक्षिणेला, खाडीच्या काठी. मामा म्हणाले, दक्षिण फार मोठी आहे. आमची सगळी वस्ती अलिबाग-पनवेलच्या बाजूची. इतक्या खाली कुणी ज्यू राहत होता असं कुणी ऐकलेलं नव्हतं. मामा म्हणाले, गाव नाही म्हणजे आडनाव मागून लावलेलं, आणि आडनाव मागून लावणारी माणसं कोण कुठली ते काय सांगावं. लग्न मोडलं. आत्या घरीच राहिली. माझी आई मी लहान असताना गेली, मला आत्याने वाढवलं."

"आत्या आहेत?"

"सत्त्याऐंशी वर्षांची आहे. ठाण्याला. मी रजेवर गेलो की पाणी द्यायच्या आधी विचारते, सापडलं का रे? मी म्हणतो, जवळ आलोय." ते हसले. "दर तीन-चार वर्षांनी मी आणखी खाली बदली मागून घेतो. जवळ येतोयच की."

भरती लागली आणि होडी हलली. मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं, एवढं एक माझ्या बाजूने लिहितो. पुढचं सगळं ठाऊक असताना केलं.

त्याच वर्षी सुट्टीत त्यांची बायको आणि मुलगी ठाण्याहून आल्या. मुलगी परीक्षेत चांगली पास झाली म्हणून त्यांनी घरी मलिदा केला आणि मला बोलावलं. परातीत भिजवलेले गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर केळी आणि बाकीची फळं. एलियाहू हनबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना झाली. मग सगळ्यांना वाटलं. मी एक घास तोंडात घातला आणि परातीकडे पुन्हा बघितलं.

हेच पोहे मी लहानपणापासून आमच्या घरच्या एका पानावर बघत आलो होतो.

आमचं घर कर्लीच्या खाडीवर आहे, जरा आत. घराखाली खाडीपर्यंत उतरत गेलेलं आमचं भाट आहे, म्हणजे माडांची बाग. दर वर्षी कापणी आटोपली की आम्ही भाटात राखण देतो. जमिनीचे जे कोण राखणदार असतील त्यांच्या नावाने पानं मांडायची आणि घरातल्या वडील माणसाने गाऱ्हाणं घालायचं. एकेका देवाला, राखणदाराला नावाने हाक मारून घराचं सुख मागायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बाकीच्या पानांवर कोंबडा, दारू असं जे ज्याचं असेल ते. एक पान मात्र वेगळं. त्यावर गोड पोहे, खोबरं, गूळ, केळं. त्या पानाला रक्ताचा थेंब लागता कामा नये. आणि राखणीचा दिवस कधीही शनिवार असता कामा नये. त्या पानाशी आले की बाबा म्हणत:

"आमच्या आधी ह्या जमनीत घाणो घातलेल्या, शनवारी बैल मोकळो सोडणाऱ्या, हेदवळच्या मूळ पुरुषा, तुझी जागा तुझीच आसा, आमी फकत राखतंव. तू आमची लेकराबाळां राख."

व्हय म्हाराजा.

इतकी वर्षं 'व्हय म्हाराजा' म्हणताना मी शब्द ऐकले नव्हते. पाठ झालेल्या गाऱ्हाण्यात कोण शब्द ऐकतो? हेदवळकर पहिल्या दिवशी दप्तरखान्यात आले तेव्हा त्यांचं आडनाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं होतं, एवढंच. मलिद्याचा घास तोंडात गेला आणि ओळ आपली आपण आठवली.

त्या रविवारी मी घरी जाऊन बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "म्हणजे काय? भाट तेंचाच. तेली होते. माझ्या आज्याचो आजो सांगी, ते पलटणीत भरती होवन मुंबैक गेले. जाताना सांगान गेले, आमी परत येव तवसर राखा. ते येवक नाय. आमी राखतंव."

"आणि हेदवळ?"

"ह्यांच. हे झाडां बघ. हेदाची. त्येंच्यावरसून नाव."

मोजणी पहिल्यांदा आली तेव्हा त्या वाडीत एकही घर उरलेलं नव्हतं. घर नाही तिथे वाडीचं नाव सांगणार कोण? सगळं आमच्या गावात धरलं गेलं. म्हणून कुठल्याच यादीत हेदवळ नव्हतं. हेदवळकर कागदात शोधत होते आणि त्यांचं गाव दर वर्षी माझ्या बाबांच्या तोंडून मोठ्याने घेतलं जात होतं.

मी सोमवारी कार्यालयात गेलो आणि गप्प बसलो.

का, ते लिहितो. त्याच महिन्यात भाटाला गिऱ्हाईक आलं होतं. पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या त्याला. वकिलाने त्याला सांगितलं होतं, जागा निर्वेध असली तरच घे. मी मनाशी म्हटलं, एका ज्यू माणसाचे पूर्वज इथले होते अशी हवा झाली की व्यवहार गेला. शिवाय 'तुझी जागा तुझीच आसा' हे शब्द. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटायचं काहीही कारण नव्हतं. सातबारावर पिढ्यान्‌पिढ्या आमचं नाव होतं. गाऱ्हाण्यातल्या ओळीने जमीन जात नाही, हे तालुक्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ज्याच्या हातात सगळं दप्तर होतं तोच घाबरला. आणि एक गोष्ट त्याहून लाजिरवाणी. आम्ही इथले मूळचे, असं मी चारचौघांत नेहमी सांगायचो. ते सोडवत नव्हतं.

त्यानंतर हेदवळकरांनी मला दोनदा सांगितलं, "तुमच्या वडिलांना एकदा विचारा ना, जुने आहेत." दोन्ही वेळा मी म्हटलं, "विचारलं. त्यांना ठाऊक नाही."

राखणीचा दिवस आला आणि बाबांनीच गोंधळ केला. बाजारात त्यांची हेदवळकरांशी गाठ पडली तेव्हा त्यांनी माझा साहेब म्हणून त्यांना जेवायला बोलावलं. नाव काही विचारलं नाही. मला कळलं तेव्हा मी बाबांना बाजूला घेतलं.

"बाबा, ह्या वर्षी ती तेल्याची ओळ म्हणू नको."

"कित्याक?"

"येणारो माणूस तेंच्यातलोच आसा. ऐकल्यान तर लफडा होतला. भाटाचो व्यवहार मोडतलो."

"तेंच्यातलो आसा? आणि तू माका ओळ गाळूक सांगतंस?"

"एक वर्स, बाबा. फकत एक वर्स."

"मूळ पुरुषाक फसवतंस, काय त्या माणसाक?"

बाबा उठले. जाताना म्हणाले, "म्हणूचंय नाय. पण पान ठेवतलंय. तेका उपाशी ठेवचंय नाय."

हेदवळकर आले, एका बाजूला माडाला टेकून उभे राहिले. बाबांनी गाऱ्हाणं घातलं. त्या पानाशी आले आणि थांबले. मला वाटलं, आता म्हणणार. खाडीवरून एक होडी चालली होती, तिच्या इंजिनाचा आवाज लांब जाईपर्यंत बाबा थांबले, आणि पुढच्या पानाकडे वळले. जमलेल्यांना कळलंच नाही. सवयीने सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मीही म्हणालो.

जेवायला बसलो. कोंबडा त्यांच्या रीतीने कापलेला नव्हता, म्हणून हेदवळकरांना चालणार नव्हता, आणि देवाच्या नैवेद्यातलंही काही नाही. त्यांनी ते संकोचाने सांगितलं. तेव्हा बाबा भाटात गेले, ते गोड पोह्यांचं पान दोन हातांनी उचलून आणलं आणि हेदवळकरांपुढे ठेवलं.

"तुमी ह्या खावा."

"नैवेद्याचं आहे ना हे?"

"ह्या देवाचा न्हय," बाबा म्हणाले. "घरच्या माणसाचा पान आसा."

हेदवळकरांनी ते सगळं खाल्लं. बोटं चाटून खाल्लं. "अगदी आमच्या घरच्यासारखं आहे," असं ते बाबांना म्हणाले. बाबा "व्हय" एवढंच बोलले आणि उठून गेले.

होडी लागते त्या तरीवर त्यांना सोडायला मी गेलो तेव्हा हेदवळकर म्हणाले, "मी नावं मोजली. वीस पानं होती, एकोणीस नावं घेतली. तुमचे वडील एका जागी थांबले."

"वय झालंय," मी म्हटलं. "दम लागतो."

व्यवहार काही झाला नाही. किनारपट्टीचे नियम आड आले आणि गिऱ्हाईक निघून गेलं. मग मला कुणाला घाबरायचं कारण उरलं नाही, तरीही मी बोललो नाही. आता सांगितलं तर आधी का नाही, हे सांगावं लागलं असतं. बाबा पुढच्या वर्षी ती ओळ पहिल्यासारखी मोठ्याने म्हणाले आणि मरेपर्यंत म्हणत राहिले. माझ्याशी त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. हेदवळकर निवृत्त होऊन ठाण्याला गेले. जाताना त्यांनी मला सांगितलं, "मी इथे आलो तेव्हापेक्षा एक गोष्ट नक्की झाली. इथे नाही." वर्षभराने आत्या गेल्या. मी ठाण्याला भेटायला गेलो, खुर्चीवर बसलो, चहा घेतला, परत आलो.

बाबांनंतर गाऱ्हाणं माझ्याकडे आलं. मी ती ओळ एकदाही गाळली नाही. पण गेल्या वर्षी राखण आटोपल्यावर माझ्या नातीने विचारलं, "आजोबा, हेदवळ खंय आसा?" ती पुण्यात शिकते, पण घरी आली की मालवणीत बोलते. मी तिला भाट दाखवलं आणि म्हटलं, "ह्यांच." ती म्हणाली, "मग ते लोक खंय गेले?" मी सांगायला लागलो आणि सगळंच सांगून बसलो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. तिने मोबाइलवर ठाण्याचं रेल्वेचं तिकीट काढलं, माझ्या एकट्याचं.

हेदवळकर आता ऐंशीच्या पुढे आहेत. दार मुलीने उघडलं. ते आरामखुर्चीत होते, कान तिखट, डोळे अधू. मी बसलो आणि काही मागेपुढे न करता सगळं सांगितलं. मलिद्यापासून तरीवरच्या खोट्यापर्यंत. मग म्हणाले, "ओळ म्हणा."

मी म्हटली.

"परत."

परत म्हटली. आत स्वयंपाकघरात मुलीचे हात थांबलेले मला कळत होते.

"थांबले होते ते इथेच?"

"इथेच."

"आत्या त्यानंतर चार वर्षं होती."

"हो."

"ती गेली तेव्हा तुम्ही आला होतात. तेव्हाही ठाऊक होतं."

"होतं."

मुलीने चहा आणून ठेवला. त्याला कुणी हात लावला नाही. हेदवळकर म्हणाले, "तुमच्यावर मी रागावणार आहे. पुष्कळ. पण ते मागाहून. आधी जागा सांगा." मुलीला म्हणाले, "कागद घे. मी सांगतो तसं लिही. चतुःसीमा. पूर्वेस काय?"

"पाणंद."

"दक्षिणेस?"

"खाडी."

"पश्चिमेस?"

"हेदाची झाडं. तीन होती, वादळात एक पडलं."

"दोन लिही. आहे ते लिहायचं. उत्तरेस?"

मोजणी करताना चारी बाजूंच्या लगतच्या जमीनधारकांना नोटीस देऊन बोलवावं लागतं. हद्द कुठे आहे ते त्यांनी बघायचं, कबूल करायचं, खाली सही करायची. लगतचा माणूस कबूल नसेल तर मोजणी अपुरी राहते. आम्ही दोघांनी आयुष्यभर हेच काम केलेलं.

"उत्तरेस आमचं घर," मी म्हटलं.

"आडनाव सांगा."

"तुम्हाला ठाऊक आहे."

"धारकाने स्वतः सांगायचं असतं."

मी सांगितलं. मुलीने लिहिलं. कागद माझ्यापुढे आला आणि मी खाली सही केली. हेदवळकरांनी तो डोळ्यांजवळ नेऊन खूप वेळ धरला. त्यांची मान आपोआप ताठ झाली होती. मग मुलीला म्हणाले, "तुझ्या सासरी फोन कर. पेणकरांना सांग, हेदवळकरांचं हेदवळ आहे. कर्लीच्या उत्तर तीरावर."

मागच्या महिन्यात त्यांनी मला पुन्हा बोलावून घेतलं. आम्ही रिक्षाने त्यांच्या कब्रस्तानात गेलो. एका हाताला त्यांची मुलगी, दुसऱ्या हाताला मी. आत्याच्या कबरीवर साधा काळा दगड आहे. वर हिब्रू अक्षरं, त्याखाली मराठीत त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्याखालच्या ओळी नव्या, अक्षरांतली पांढरी भुकटी अजून गेलेली नव्हती.

"मला दिसत नाही," हेदवळकर म्हणाले. "मोठ्याने वाचा. तिला ऐकू जाईल असं."

मी वाचू लागलो. "मूळ गाव हेदवळ. पूर्वेस पाणंद, दक्षिणेस कर्लीची खाडी, पश्चिमेस हेदाची दोन झाडं, उत्तरेस…"

पुढे दगडावर माझंच आडनाव कोरलेलं होतं. मी तिथेच थांबलो.

"पुढे वाचा," ते म्हणाले.

मी वाचलं.